मिठाच्या पाण्याचा तलाव : पाणी कोठून येते आणि मीठ कोठे जाते?

आमचा धंदा कापडाचा. नगरच्या कापड बाजारात आमच्या घराण्याची ही तिसरी पिढी. तेव्हा पोहण्याच्या तलावाबद्दल आम्ही लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात शिर्डी, शिंगणापूर आणि भंडारदऱ्याच्या वाटेवर निवासस्थाने, लॉन आणि कृषी पर्यटन केंद्रे उभी राहिली आहेत. आपल्यातील अनेक व्यापारी बांधवांनी दुकानातील शिल्लक अशा जोडधंद्यात घातली आहे. आम्हीही घातली. राहुरीच्या बाजूला, नगर–मनमाड रस्त्यापासून थोडे आत, भावांच्या सामाईक जमिनीवर आठ खोल्या बांधल्या आणि पुतण्याच्या आग्रहाने एक तलावही बांधला. त्या तलावाला मिठाच्या पाण्याचे यंत्र बसविले. त्यातून जे शिकलो ते येथे मांडतो. पैसे आमचे गेले, पण अक्कल सर्वांच्या कामी यावी.

यंत्र विकणाऱ्याने आम्हास तीन गोष्टी सांगितल्या. यात क्लोरीन नसते, देखभाल लागत नाही आणि खर्च जवळजवळ शून्य होतो. या तिन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या. तरीही यंत्र वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. यंत्र चांगले आहे. मात्र ते घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावे लागतात : आपल्याकडे पाणी कोठून येते, आणि हे मीठ शेवटी कोठे जाते? आम्ही दोन्ही विचारले नाहीत.

यंत्र काय करते?

मिठाच्या तलावात क्लोरीन नसते हा मोठा गैरसमज आहे. मीठ म्हणजेच सोडियम आणि क्लोरीन. तलावाच्या पाण्यात थोडे मीठ विरघळवितात आणि ते पाणी एका नळकांड्यातून नेतात. या नळकांड्यास सेल म्हणतात. आत टायटॅनियम धातूचे पत्रे उभे असतात. त्यांतून कमी दाबाची एकदिश वीज सोडली की एका पत्र्यावर क्लोरीन सुटतो. दुसऱ्यावर हायड्रोजन वायू आणि कॉस्टिक सोडा तयार होतो. क्लोरीन आणि कॉस्टिक पाण्यात लगेच एकत्र येऊन सोडियम हायपोक्लोराइट बनते. कापडाच्या धंद्यातील माणसास हे नाव नवे नाही. मांजरपाट पांढरा करावयाचे ब्लीच ते हेच. ज्या कॉस्टिक सोड्याने सूत मर्सराइज करतात, तोही कारखान्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडूनच काढतात. म्हणजे आमच्या तलावाशेजारच्या खोलीत जे यंत्र बसले आहे, तो त्याच कारखान्याचा छोटा नमुना होय.

जंतू मारल्यावर किंवा उन्हाने विघटन झाल्यावर यातील क्लोरीन बहुतांशी पुन्हा मिठाच्याच रूपात येतो आणि परत सेलमधून जातो. म्हणून मीठ "संपत" नाही असे सांगतात. ते बरोबर आहे, पण अर्धेच. त्याविषयी पुढे.

हे पत्रे साधे नसतात. त्यांवर रुथेनियम, इरिडियम अशा मौल्यवान धातूंच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. असे लेप दिलेले टायटॅनियमचे पत्रे १९६० च्या दशकात कॉस्टिक सोड्याच्या उद्योगासाठी पुढे आले. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकापासून घरगुती तलावांतही त्यांचा वापर वाढला. आपल्या शेजारी गोव्यात, कुंडई औद्योगिक वसाहतीत, डी नोरा इंडिया ही कंपनी असे लेपित पत्रे व मिठापासून क्लोरीन करणारी यंत्रे बनवते. पूर्वी तिचे नाव टायटॅनॉर कंपोनंट्स असे होते. सांगण्याचा मुद्दा असा की, यंत्राची किंमत ही मुख्यतः या थराची किंमत आहे. थर गेला की सेल गेला.

मीठ किती लागते?

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. अशा तलावात फक्त ३ ते ४ ग्रॅम लागते, म्हणजे ३,००० ते ४,००० पीपीएम. (पीपीएम म्हणजे दर लिटरला एक मिलिग्रॅम.) आपले अश्रू यापेक्षा खारट असतात. त्यामुळे डोळ्यांना ते झोंबत नाही.

आमचा तलाव १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल आहे. गुणाकार केला की सुमारे १०० घनमीटर, म्हणजेच १ लाख लिटर पाणी. ३,५०० पीपीएमसाठी ३५० किलो मीठ, म्हणजे ५० किलोच्या सात गोण्या. बोअरच्या पाण्यात मुळातच मीठ असेल तर तितके वजा करावे. म्हणून आधी पाणी तपासावे, मग गोण्या आणाव्यात.

मीठ शुद्ध हवे, आयोडीन न घातलेले आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही न मिसळलेले. स्वस्तात मिळते म्हणून खडे मीठ टाकू नये. त्यात माती, मॅग्नेशियम आणि चुना येतो आणि तो पत्र्यांवर बसतो. नव्या सिमेंटचा गिलावा असल्यास निदान महिनाभर मीठ घालू नये. मीठ टाकताना सेल बंद ठेवावा, पंप चालू ठेवावा, लांब ब्रशने ढवळावे आणि पूर्ण विरघळल्यावर, म्हणजे एक दिवसाने, सेल सुरू करावा.

बसविताना काय पाहावे?

१) सेल सर्वांत शेवटी. आधी पंप, मग गाळणी, हीटर असल्यास तो, आणि त्यानंतर तलावाकडे परत जाणाऱ्या नळावर सेल. बाजूने व्हॉल्व्हसह वळणनळी ठेवावी, म्हणजे सेल काढला तरी तलाव चालू राहतो.

२) प्रवाहाचा स्विच असलाच पाहिजे. पाणी वाहत नसताना सेल चालू राहिला तर नळात हायड्रोजन साठतो. हा वायू पेट घेतो आणि नळकांडे फुटू शकते. पंप बंद झाला की सेल आपोआप बंद झालाच पाहिजे. बसविणाऱ्यासमोर पंप बंद करून हे स्वतः पाहावे. वीज जाणे-येणे आपल्याकडे रोजचेच आहे, म्हणून यात सूट नको.

३) अर्थिंग चोख असावे आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर लावावा. पाण्यात मुले असतात. येथे चार पैसे वाचविणे म्हणजे गुन्हा आहे.

४) विजेची पेटी सावलीत, हवेशीर भिंतीवर लावावी. ॲसिडचे कॅन त्या खोलीत ठेवू नयेत. त्याच्या वाफेने पेटीतील तारा गंजतात.

५) शिडी व कठडा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. ३०४ प्रतीला मिठाच्या पाण्याने लवकर गंजाचे डाग पडतात.

६) काठाला आपल्याकडे शहाबादी फरशी लावण्याची रीत आहे. ती चुनखडीची फरशी आहे. खारे पाणी तिच्यात मुरून सुकते, मिठाचे खडे फुगतात आणि पापुद्रे सुटतात. ती लावायचीच असेल तर वरून संरक्षक द्रव मारावा आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावी.

७) सेल गरजेच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा. उन्हाळ्यात माणसे पोहत असताना १ लाख लिटरला दिवसाला ३०० ते ४०० ग्रॅम क्लोरीन लागू शकतो. तासाला २५ ग्रॅमचा सेल मग १२ ते १६ तास चालवावा लागतो. ५० ग्रॅमचा घेतला तर ६ ते ८ तासांत काम होते आणि तो जास्त वर्षे टिकतो.

आमची चूक : पाणी कोठून आले?

आपल्या भागात काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. जड म्हणजे चुना-मॅग्नेशियम जास्त असलेले. अशा तलावाला जडपणा २०० ते ४०० पीपीएम चालतो. आमच्या बोअरचा ५०० च्या आसपास निघाला, पण हे आम्हास वर्षभरानंतर कळले, कारण आधी तपासलेच नव्हते.

येथे एक हिशोब पाहा. एप्रिल-मेच्या उन्हात समजा दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडाले. आमच्या तलावाचा पृष्ठभाग ७२ चौरस मीटर, म्हणजे रोज ५७६ लिटर पाणी गेले. उडते ते निव्वळ पाणी. चुना मागे राहतो. तितकेच पाणी बोअरमधून भरले की दर लिटरला अर्धा ग्रॅम या हिशोबाने रोज २८८ ग्रॅम चुना आत आला. महिन्याला साडेआठ किलोंहून अधिक! हा चुना आधी बसतो तो सेलच्या पत्र्यांवर, कारण तेथे कॉस्टिकमुळे पाणी अल्कली असते.

पत्र्यांवर पांढरी कढई जमली की वीज कमी वाहते. यंत्राला वाटते मीठ कमी आहे आणि ते "मीठ कमी" असा लाल दिवा लावते. आमच्याकडील पोऱ्याने दिवा पाहिला आणि एक गोणी मीठ टाकले. दिवा गेला नाही. दुसरी टाकली. तीन आठवड्यांत चार गोण्या पडल्या. तपासले तेव्हा मीठ ५,५०० पीपीएमवर गेले होते, आणि दोष मिठात नव्हताच. पोऱ्याचा यात दोष नाही. त्याला काय पाहायचे ते आम्ही शिकविले नव्हते.

म्हणून हा नियम लक्षात ठेवावा : दिव्यावर विश्वास ठेवून मीठ टाकू नये. आधी वेगळ्या मीटरने पाण्यातील मीठ मोजावे. मीठ बरोबर असेल तर सेल उघडून पत्रे पाहावेत. पत्रे स्वच्छ असतील तर पाणी थंड आहे का ते पाहावे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पाणी १५ अंशांच्या आसपास आले की बरीच यंत्रे काम कमी करतात किंवा थांबतात. हे तिन्ही ठीक असेल तर समजावे की लेप झिजला आणि सेलचे आयुष्य संपत आले.

जड पाण्यावर उपाय तीन. पावसाळ्यात छताचे पाणी टाकीत साठवून तेच तलावात भरावे; ते हलके असते. रात्री तलावावर झाकण घालावे म्हणजे पाणी कमी उडते. आणि पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ च्या आत ठेवावा. मिठाच्या यंत्राने पीएच सतत वर चढतो. वर गेला की चुना बसतो आणि क्लोरीनचा जोरही घटतो. तो उतरविण्यासाठी थोडे थोडे म्युरिॲटिक ॲसिड घालावे लागते. म्हणजे "देखभाल नाही" हे वाक्य येथेच संपते.

दुसरी चूक : मीठ कोठे गेले?

मीठ ५,५०० वर गेल्यावर ते कमी करण्याचा मार्ग एकच : पाणी काढून नवे भरणे. जूनच्या सुरुवातीला आम्ही एक तृतीयांश पाणी, सुमारे ३३,००० लिटर, बाहेर सोडले. चर शेजाऱ्याच्या बांधाकडे उतरत होता. त्या पाण्यात १८० किलो मीठ होते. खाली पावसाळी कांद्याच्या रोपांचे वाफे होते. कांदा हे खाऱ्या पाण्यास फार नाजूक पीक आहे. चार-पाच दिवसांत शेंडे पिवळे पडले आणि वाफेच्या वाफे बसले.

शेजारी रागावून आले नाहीत. बांधावर उभे राहून एवढेच म्हणाले, "शेठ, तुमचं मीठ आमच्या वावरात कसं?" आम्हास उत्तर नव्हते. रोपांची भरपाई दिली, वाफे गोड्या पाण्याने धुवून दिले. पण ज्या माणसाशी तीस वर्षांचे येणे-जाणे आहे, त्याच्या हंगामाचे पंधरा दिवस परत देता येत नाहीत.

आपल्या जिल्ह्यातील वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. मुळा आणि प्रवरेच्या कालव्यांच्या पट्ट्यात, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे भागात, चोपण आणि खारवट झालेल्या जमिनी आपण पाहतोच. काळ्या जमिनीत सोडियम साठला की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. पुढे जिप्सम घाला, निचऱ्याचे चर काढा, तरी जमीन सुधारायला वर्षे जातात.

मोठे पाणी एखाद्याच वेळी सोडले जाते. पण वाळूची गाळणी उलट धुताना दर वेळी सुमारे १,००० लिटर पाणी जाते. त्यात साडेतीन किलो मीठ असते. आठवड्यातून एकदा धुतली तर वर्षाला १८२ किलो. मीठ "संपत नाही" म्हणतात ते हेच. ते संपत नाही, शेजाऱ्याच्या शेतात किंवा विहिरीत जाते.

आता आम्ही असे करतो. शेततळ्यास घालतात तसला प्लॅस्टिकचा कागद अंथरून ८ मीटर लांब-रुंद उथळ खड्डा केला आहे. गाळणीचे पाणी त्यात सोडतो. ते उन्हाने उडते आणि तळाचे मीठ गोळा करून गोणीत भरतो. गाळणी तारीख पाहून नव्हे, तर दाबाचा काटा नेहमीपेक्षा अर्धा किलो चढला की मगच धुतो. ज्यांचा तलाव लहान आहे त्यांनी उलट धुवावी न लागणारी कार्ट्रिजची गाळणी घ्यावी. मिठाचे पाणी शोषखड्ड्यात कधीही सोडू नये. ते सरळ भूजलात जाते. जमिनीची किंवा पाण्याची शंका असेल तर राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्या दारात आहे. तपासणीचा खर्च एका गोणी कांद्याहून जास्त नाही.

देखभालीचे वेळापत्रक

रोज : मुक्त क्लोरीन आणि पीएच सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहावा. क्लोरीन किमान १ पीपीएम असावा. आम्ही २ ते ३ ठेवतो. गर्दीच्या दिवशी दुपारीही मोजावा.

दर आठवड्यास : अल्कलिनिटी (८० च्या आसपास बरी) आणि मीठ मोजावे. सेलच्या पारदर्शक भागातून पांढरा थर दिसतो का पाहावे.

दर महिन्यास : जडपणा मोजावा. उघड्या तलावात उन्हाने क्लोरीन उडू नये म्हणून सायन्युरिक ॲसिड घालतात. ते ३० ते ५० पीपीएम असावे. फार वाढले तर क्लोरीन मंद होतो, आणि तेही पाणी बदलल्याशिवाय उतरत नाही.

दर तीन महिन्यांस : वीज बंद करून सेल उघडावा. थर नसेल तर हात लावू नये. असेल तर १० भाग पाण्यात १ भाग ॲसिड घालून त्यात १० ते १५ मिनिटे बुडवावा आणि धुवावा. नेहमी पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा घालावा. चाकूने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नये. मौल्यवान थर निघून जातो. विनाकारण ॲसिडने धुण्यानेही तो झिजतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : ॲसिड आणि ब्लीच किंवा क्लोरीनची पावडर एकत्र येऊ देऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोहोंच्या खोल्या, डबे आणि मापे वेगळी ठेवावीत. कामगार बदलला की पहिल्या दिवशी हेच शिकवावे.

खर्चाचा खरा हिशोब

विकणारा फक्त विजेचा खर्च दाखवितो. तो खरोखर कमी आहे. ४०० ग्रॅम क्लोरीनला सुमारे ३ युनिट. पण सेलची झीज कोण धरणार? समजा ५० ग्रॅमचा सेल ८०,००० रुपयांचा आहे आणि तो ८,००० तास चालला. तासाला १० रुपये झाले. दिवसाला ८ तास म्हणजे ८० रुपये, वीज वेगळी. याउलट १० टक्क्यांचे द्रव हायपोक्लोराइट ४ लिटर लागले आणि समजा लिटरला १५ रुपये पडले, तर ६० रुपये. म्हणजे मिठाचे यंत्र स्वस्त नाही. आपल्या भावाने आकडे घालून हाच हिशोब कोणीही करावा.

मग घ्यावे का? फायदे आहेत. द्रव क्लोरीनचे कॅन साठवावे लागत नाहीत. आपल्या उन्हाळ्यात त्यांचा जोर लवकर उतरतो. क्लोरीन दिवसभर थोडा थोडा मिळतो, त्यामुळे एकदम ओतल्याने येणारी उग्रता टळते. पाणी अंगाला मऊ लागते. गिऱ्हाईक त्याची तारीफ करते. पण क्लोरीन तो क्लोरीनच. कापडवाले म्हणून सांगतो, गडद रंगाचे टॉवेल तलावावर ठेवू नयेत, विटतात. सोलापुरी पांढरे टॉवेल बरे. आणि पोहण्याचे कपडे विक्रीस ठेवाल तर लायक्रापेक्षा पॉलिस्टरचा माल जास्त टिकतो.

थोडक्यात

यंत्र घेण्यापूर्वी बोअरचे पाणी तपासा. विकणाऱ्याकडून नव्या सेलची किंमत आणि हमीचे तास लेखी घ्या. सेलचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला काढा. आणि जमिनीच्या उतारावर उभे राहून पाहा की तुमचे खारे पाणी कोणाच्या बांधावर जाणार आहे. हा चौथा प्रश्न विक्रेता विचारणार नाही, कारण ते शेत त्याचे नाही.

आमचा तलाव आज चालू आहे. शेजारी या वर्षीही त्याच तुकड्यात कांद्याचे रोप टाकणार आहेत. आमच्याकडे खाल्ल्या मिठाला जागावे म्हणतात. पाण्यात टाकलेल्या मिठालाही तितकेच जागावे लागते, हे आम्हास थोडे उशिरा समजले.